आलेला आकडा

"दोघीही अपूर्ण आहेत," खिडकीतला माणूस म्हणाला.

माझी सासू माझ्या शेजारी उभी होती. तिनं जाळीला तोंड लावून विचारलं, "मी कुठं परीक्षा दिली बाबा? मी तर नुसती हिच्यासंगं आलेय."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. खिडकीतला माणूस हसला नाही. सकाळची वेळ होती, पण त्याचा चेहरा दिवस संपल्यासारखा होता. सुरवसे त्याचं नाव. कंत्राटी. विद्यापीठानं त्या वर्षी परीक्षा विभागाच्या व्हरांड्यात ‘ई-सुविधा केंद्र’ अशी पाटी ठोकली, आत एक संगणक मांडला आणि सगळ्या कॉलेजांचा राग झेलायला या एकट्याला बसवून दिलं.

"तुम्ही नाही हो आजी," तो म्हणाला. "यांच्याच दोघीजणी झाल्यात. एक सत्यशीला माणिक घोणसे. तिचं पहिलं वर्ष पास, दुसरं पास, तिसरं नाहीच. दुसरी ऐश्वर्या व्यंकट बिरादार. तिचं तिसरं पास, पहिलं-दुसरं नाहीच. पदवी कुणालाच देता येत नाही."

"दोन्ही मीच आहे," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय हो ताई. सिस्टिमला दिसत नाही."

मी बी.ए. बाहेरून केलं. कॉलेजात बसून नाही, चुलीपुढं बसून, गाइडं वाचून. पहिली दोन वर्षं माहेरी झाली. मग लग्न. आमच्याकडं परातीत तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. व्यंकटनं लिहिलं, ऐश्वर्या. नणंदेनं सुचवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ते तांदूळ गोळा करून परत पोत्यात टाकले. नाव तेवढं माझ्या अंगावर राहिलं. सासूच्या जिभेला ते कधी पेललं नाही, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून ‘पोरी’ म्हणायची. मी तिला आत्याबाई म्हणायची. व्यंकटला तेव्हा ‘अहो’ म्हणायची. आता लिहिताना व्यंकट म्हणते.

तिसऱ्या वर्षाला विद्यापीठानं कागदी फॉर्म बंद केले. व्यंकटचा मावसभाऊ तालुक्याला नेट कॅफे चालवायचा. त्यानं माझा फॉर्म भरला. नवं नाव टाकलं, नवा फोटो टाकला. फॉर्मनं एकदाही विचारलं नाही की या बाईची पहिली दोन वर्षं कुठं गेली. त्यानं एक नवी कोरी विद्यार्थिनी जन्माला घातली आणि थेट तिसऱ्या वर्षाला बसवली. मोबाइल नंबराच्या रकान्यात मावसभावानं व्यंकटचा नंबर टाकला. आमच्या भागात बाईच्या फॉर्मवर बाईचा नंबर नसतोच. बापाचा असतो, भावाचा असतो, लग्न झालं की नवऱ्याचा. शाळेत तसंच, बँकेत तसंच, गॅसच्या टाकीला तसंच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

आता माझा बी.एड.ला नंबर लागला होता. तो अर्ज माझ्या भावानं भरला, माहेरून, गुपचूप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र साइटवर चढवायचं, नाहीतर जागा खालच्या नंबराला. व्यंकटला सांगायची सोय नव्हती. तो आधीच बोलून बसला होता, "बी.ए. झालीस ना? नावापुढं लागलं ना? बास झालं." बी.एड. म्हणजे रोज बाहेर जाणं. रोज बाहेर जाणारी बायको त्याला नको होती.

म्हणून घरी सांगितलं, आत्याबाईंचे डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात जातो. ते खोटं नव्हतं. तिला खरंच दिसत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकताना हात भाजायची, शेळी समजून दगडाला हाकलायची. दोन वर्षं ती व्यंकटला म्हणत होती, शहराला ने. दोन वर्षं त्याला वेळ नव्हता. मला नेऊ दिलं, कारण तेवढ्यानं त्याची कटकट मिटत होती.

बसमध्ये मी तिला खरं सांगून टाकलं. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाहेरचं काही दिसत नसताना बाहेर बघायची तिला सवय होती.

"किती येळ लागंल तुझ्या कालिजात?" तिनं विचारलं.

"ऑनलाइन झालंय आत्याबाई. लगेच होतंय. मग दवाखान्यात जाऊ. केसपेपर दुपारपर्यंत निघतो."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

तर आता खिडकीपुढं आम्ही दोघी, म्हणजे सुरवसेच्या हिशेबानं तिघी.

"दोघींना एक करायचं असेल," तो म्हणाला, "तर नावदुरुस्तीचा ऑनलाइन अर्ज करावा लागेल."

"केलाय. माझ्या भावानं केलाय गेल्या आठवड्यात."

त्यानं बघितलं. "हां, आहे. मग त्याची प्रिंट आणा."

"ऑनलाइन आहे ना?"

"आहे की. त्याची प्रिंट काढायची. तिच्यावर आतल्या साहेबांची सही घ्यायची. सही झालेली प्रिंट मी स्कॅन करतो आणि परत ऑनलाइन टाकतो."

"मग ऑनलाइन कशाला केलं?"

सुरवसेनं माझ्याकडं बघितलं. मागून कुणीतरी "ओ ताई, चला की" म्हणालं. "मला विचारू नका," तो म्हणाला. "मी इथला नाही. मी ठेकेदाराचा माणूस आहे."

प्रिंट काढायला गेटबाहेर जावं लागलं. जाताना व्हरांड्याच्या टोकाला कुलगुरूंचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला होता, माणसाएवढा, हात जोडलेला. वर लिहिलेलं, ‘आता सर्व सेवा एका क्लिकवर’. आत्याबाई त्याच्यासमोर थांबली. पदर नीट केला आणि हात जोडले.

"राम राम साहेब," ती म्हणाली. "आमच्या पोरीचं तेवढं बघा."

मी तिला हाताला धरून पुढं नेलं.

"बोलला न्हाई गं," ती म्हणाली.

"माणूस नाही आत्याबाई. पुठ्ठा आहे."

चार पावलं गेल्यावर म्हणाली, "तरी हात तर जोडले व्हते त्यानं. आतले तर तेवढं बी करंनात."

झेरॉक्सवाल्याकडं प्रिंट काढली. परत आलो तर साहेब मीटिंगला. शिपायानं सांगितलं, मीटिंग पेपरलेस कारभाराची आहे, लांबेल. आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. तिथं आमच्यासारखे बरेच बसले होते. एक पोरगा गादीवर बसल्यासारखा फायलीवर बसला होता. म्हणाला, तीन खेपा झाल्यात, माझ्या मार्कशीटवर फोटो दुसऱ्याचा आलाय. एकानं विचारलं, त्याच्यावर तुझा आलाय का? तो म्हणाला, त्याच्यावर मुलीचा आलाय. कुणाला धड हसूही आलं नाही. माणसं रडून आणि ओरडून झाली की अशी बसतात. मी नंतर बऱ्याच कचेऱ्या बघितल्या, सगळीकडं ती एकच पायरी असते.

ऊन व्हरांड्यातून पायरीवर आलं. मला दवाखान्याचा विचार सुटत नव्हता. केसपेपरची खिडकी बंद व्हायची वेळ आली होती.

"आत्याबाई, चला. आधी तुमचं करू. इथलं परत येऊन बघू."

"तुझं उद्या बंद व्हतंय ना?"

"हो."

"मग बस. मला तिथं आज न्हाई तर उद्या घेतील. डोळं काय पळून चाललेत का?"

"उद्या कोण आणणार तुम्हाला?"

तिनं पिशवीतून भाकरी काढली. चटणी लावून मला दिली, स्वतः घेतली. चावताना म्हणाली, "मीठ जास्त पडलंय. दिसलं न्हाई मला."

मी म्हणाले, बरी झालीय.

साहेब दुपारी परत आले. चहा झाला. प्रिंटवर न बघता सही झाली. सही घेऊन आम्ही खिडकीवर गेलो तर सर्व्हर बंद. सुरवसे डोकं टेबलावर टेकून बसला होता. आत्याबाईला त्याचं डोकं दिसलं नसणार, पण अंदाज आला असणार.

"जेवलास का बाबा?" तिनं विचारलं.

सुरवसे दचकून उठला. बहुतेक त्या खिडकीतून त्याला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. "नाही आजी. उठलं की लोक ओरडतात."

तिनं जाळीखालच्या फटीतून अर्धी भाकरी आत सरकवली. त्यानं ती खाल्ली. मीठ जास्त झाल्याचं तोही बोलला नाही.

सर्व्हर आला तेव्हा रांगेत आम्हीच उरलो होतो. त्यानं प्रिंट स्कॅन केली, चढवली, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या. मग थांबला.

"ओटीपी सांगा."

"काय?"

"मोबाइलवर आकडा आला असेल. सहा आकडी. तो टाकला की दोन्ही रेकॉर्ड जुळतात. लगेच प्रमाणपत्र निघेल."

मी पिशवीतून फोन काढला. तो आत्याबाईचा होता, बटणांचा, नणंदेनं दिलेला. माझ्याकडं फोन नव्हता. आकडा आला नव्हता.

"शेवटी एकोणतीस आहे का नंबर?" सुरवसेनं विचारलं.

तो व्यंकटचा नंबर.

"तो बदलता येईल का? हा टाका, आमच्याजवळचा."

"येतो की बदलता," तो म्हणाला, आणि त्याला पुढचं बोलायची लाज वाटली असावी, कारण त्यानं आवाज खाली घेतला. "पण नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो."

"आणि नाहीच सांगितला तर?"

"तीन वेळा चुकला किंवा वेळ संपली की खातं लॉक होतं. मग कुलसचिवांकडं अर्ज. महिना जातो. एक आत्ता गेलेला आहे, दहा मिनिटं चालतो. घरी फोन करा ताई. नवराच आहे ना? सांगेल की."

मी बाजूला झाले. आत्याबाई माझ्याजवळ आली. तिचा फोन स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नसे, फोनचं कानाकडचं भोक बिघडलं होतं. मी नंबर लावला.

"हां," व्यंकट म्हणाला. मागं टीव्हीचा आवाज होता.

"अहो, तुमच्या मोबाइलवर एक आकडा आलाय का?"

"आलंय कायतरी. कशाचं हे?"

तेव्हाचे मेसेज मुके होते. नुसता आकडा यायचा, कुणी पाठवला ते कळायचं नाही. मी आत्याबाईकडं बघितलं आणि जे पहिल्यांदा तोंडात आलं ते बोलले. "दवाखान्याचं आहे. आत्याबाईंच्या डोळ्याचं. मोतीबिंदू पिकलाय म्हणतेत डॉक्टर. लगेच ऑपरेशन करा म्हणतेत, नाहीतर डोळा जाईल. नाव नोंदवायला तेवढा आकडा लागतोय."

टीव्हीचा आवाज कमी झाला.

"लगेच?" तो म्हणाला. "लगेच कसं जमंल? सोयाबीन काढायला आलंय. मजुरांच्या भाकरी कोण करणार?"

"मी करते की."

"आन् तिच्याजवळ दवाखान्यात कोण बसणार? तूच ना? नगं. दिवाळी होऊ दे, मग बघू."

"अहो, डॉक्टर म्हणतेत डोळा..."

"डॉक्टर काय, म्हणतच असतेत. आपली आज्जी आंधळीच व्हती की, नव्वद वर्षं जगली. काय अडलं का तिचं?"

"नुसतं नाव नोंदवू. आकडा सांगा, बाकी नंतर बघू."

"नाव नोंदवलं की बोलावतेत. मला ठावं हाय. औषधं लिहून घे आन् या घरी." आणि फोन बंद.

व्हरांड्यात एवढं शांत होतं की सुरवसेलाही सगळं ऐकू गेलं होतं. तो की-बोर्डवरची धूळ बोटानं पुसत बसला. आत्याबाई जिथं उभी होती तिथंच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी आजवर त्या चेहऱ्याबद्दल लिहायचं टाळलं, कारण लिहिण्यासारखं त्यावर काही नव्हतंच. रिकामं भांडं असतं तसा.

"वेळ संपली," सुरवसे हळूच म्हणाला. "दुसरा पाठवू का?"

दुसरा पाठवला. मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला, त्यानं कापला. परत लावला, तो लागलाच नाही. दहा मिनिटं अशीच गेली. मी पायरीवर बसले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बी.एड. नको होतं, पदवी नको होती, दोन्हींतली कुठलीच बाई व्हायचं नव्हतं. घरी जाऊन झोपायचं होतं.

"आता एकच उरलाय," सुरवसे म्हणाला. "उद्या सकाळी बघायचं का? सकाळी ते..."

"पाठव," आत्याबाई म्हणाली.

"आजी, हा गेला तर..."

"पाठव म्हंते ना. आन् दे गं ते इकडं. नंबर लावून दे."

मी उठले, नंबर लावून दिला. तिनं फोन तोंडासमोर धरला, पापड धरावा तसा. पहिल्या वेळी त्यानं उचलला नाही. दुसऱ्या वेळी उचलला.

"काय लावलंय गं मघापासून..."

"मी हाय," ती म्हणाली. आवाज एकदम वेगळा. जत्रेतून बोलावं तसा, हसरा. "आरं व्यंकट, ऐक की! हितं चौकात गाडीवाल्यानं मांडव टाकलाय. मोटरसायकलीची सोडत हाय, फुकटात. माणसांची ही गर्दी! मी तुझं नाव टाकलंय बघ."

"कुठली गाडी?"

"ते मला काय कळतंय? लाल हाय. ते म्हणतेत मोबाइलवर आकडा येतोय, तेवढा सांगा, लगीच सोडत निघती."

"थांब थांब. आलाय. लिव्ह." तो घाईनं बोलत होता. "हां, लिव्हून घे. तिला दे. लिव्हतीस का? चार, शून्य, सात..."

मी आकडे मोठ्यानं परत म्हणत गेले. सुरवसे टाइप करत गेला. सहावा आकडा झाला.

"नीट सांग त्यांला," व्यंकट म्हणाला. "आन् निळी असंल तर निळी मागा. लाल नगं."

"सांगते," आत्याबाई म्हणाली, आणि फोन माझ्याकडं दिला. बंद कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं. मी केला.

स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण आली. सुरवसे खुर्चीत मागं टेकला. मग परत पुढं वाकला.

"एक राहिलंय. दोन रेकॉर्ड एक झाले, पण नाव एकच ठेवता येतं. कुठलं ठेवू? लग्नानंतरचं ठेवलं तर पुढं सोपं जाईल ताई. आधार, रेशन, सगळं..."

मी आत्याबाईकडं बघितलं. माझी सासू होती ती. नाव तिच्या घराचं होतं, तिच्या दारात लिहिलं गेलं होतं. तिला विचारल्याशिवाय मी त्या घरात दूध उतू गेलेलंही पुसलं नव्हतं.

"माझ्याकडं काय बघतीस?" ती म्हणाली. मग खिडकीकडं वळली. "तू तिला विचारलंस ना? मग ती सांगंल. मी काय कालिजात शिकलेय व्हय?"

"सत्यशीला माणिक घोणसे," मी म्हणाले.

"आणि मोबाइल नंबर? आता नवा टाकता येतो."

माझ्याकडं नंबर नव्हता. भावाचा सांगावा म्हणून मी तोंड उघडलं.

"हा टाक," आत्याबाईनं तिचा फोन वर केला. "माझा."

"आजी, तुम्हाला वाचता येतं का? आकडा तुमच्याकडं येत राहील."

"येऊ दे," ती म्हणाली. "कुठं तरी येऊ दे की."

प्रमाणपत्र निघालं. सुरवसेनं भावाच्या मेलवर पाठवलं, एक प्रिंटही दिली, साहेबाच्या प्रिंटरवर काढून. निघताना तो आत्याबाईला म्हणाला, "आजी, डोळ्याचं बघा हं." ती म्हणाली, बघू.

दवाखान्याची खिडकी कधीच बंद झाली होती. आम्ही सरळ बस धरली. बस भरली होती. तिला जागा मिळाली, मी दांड्याला धरून उभी राहिले. शहर संपलं, सोयाबीनची पिवळी रानं सुरू झाली. बरंच अंतर गेल्यावर मी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "आत्याबाई, ते पिकलाय, डोळा जाईल वगैरे मी उगंच बोलले. आपण गेलोच नाही दवाखान्यात. खोटं होतं ते."

"व्हय," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

मग खिडकीकडं तोंड केलं. मला वाटलं, बोलणं संपलं.

"पर त्याला कुठं ठावं व्हतं," ती म्हणाली.

पुढं घर येईपर्यंत तिचं तोंड खिडकीकडंच होतं.

व्यंकट दारातच उभा होता. आम्ही चपलाही काढल्या नव्हत्या.

"लागली का गं गाडी?"

आत्याबाई रांजणाकडं गेली. तांब्यानं पायावर पाणी घेतलं, आधी एक पाय, मग दुसरा. म्हैस आज दूध कमी देतेय हे सांगावं तशा सुरात तिनं सांगितलं, "गाडी न्हाई लागली. हिचा लंबर लागलाय, मास्तरणीच्या कालिजाला. जाणार हाय ती. आकडा तूच सांगितलास तिला."

तो आधी हसला. मग माझ्या हातातली प्रिंट बघितली आणि हसायचा थांबला. पुढचं लिहीत नाही. ज्या बायका हे वाचतायत त्यांना ते लिहून दाखवायची गरज नाही, आणि पुरुषांना लिहून दाखवलं तरी ते म्हणतील दुसरी बाजूही असेल. व्यंकट काही वाईट माणूस नव्हता असं गावात अजून म्हणतात. म्हणतील. गावाचे आकडे त्याच्या खिशात येत नव्हते, माझे येत होते.

मी बी.एड.ला गेले. आत्याबाई त्या घरातच राहिली. आणि दिवाळी झाल्यावरच गेली दवाखान्यात, मी नेलं तेव्हा. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच. मी बसच्या दांड्याला धरून जे खोटं कबूल केलं होतं, ते खरंच होतं. आम्हा दोघींतल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

आता पुष्कळ वर्षं झाली. मी आश्रमशाळेत शिकवते, ती माझ्याजवळ राहते. व्यंकटनं दुसऱ्या परातीत दुसरं नाव लिहिलं. माझ्याकडं माझा फोन आहे, माझा नंबर आहे. पण विद्यापीठाच्या खात्याला, आणि नंतर त्याच्या जोरावर काढलेल्या सगळ्याला, पगाराला, पेन्शनला, तिचाच नंबर जोडलेला राहिलाय. बदलायचा म्हणजे पुन्हा जुन्या नंबरवर ओटीपी, सांगायला अवघड काहीच नाही. मी बदलला नाही.

मोबाइलवरचे आकडे तिला मी शिकवलेत. अक्षरं नको म्हणाली. माझं काही काम निघालं की मी शाळेतून फोन लावते, "आत्याबाई, आकडा आलाय का बघा." ती फोन उजव्या डोळ्याजवळ नेते. एकेक आकडा म्हणते, सावकाश, मोठ्यानं, चूक होऊ नये म्हणून परत एकदा म्हणते.

सगळे सांगून झाले की मग विचारते, "कशाचं व्हतं गं हे?"